अक्कांनी न दिलेली लस

मंदाअक्कांच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवायची कोणाची छाती होत नसे. दवाखान्यात दोन फ्रिज होते. एक मागच्या खोलीत, त्यात दूध, भाजी, काय वाटेल ते. दुसरा पुढे, अक्कांच्या खुर्चीमागे, त्यात फक्त लसी. सकाळी आल्या आल्या अक्का देवाच्या तसबिरीआधी त्या फ्रिजच्या तापमापकाचं दर्शन घेत. एकदा मे महिन्यात त्यांच्या यजमानांनी, म्हणजे अण्णांनी, मागचा फ्रिज भरला म्हणून आमरसाचं पातेलं पुढच्यात सरकवलं. अक्कांनी दार उघडलं, पातेलं पाहिलं आणि बाहेर काढलं. खालच्या माझ्या दुकानातून कागदी पेले मागवले आणि बाहेर बसलेल्या पोरांना, आयांना सगळा रस वाटून टाकला. दुपारी अण्णा ताट वाढून बसले तेव्हा पातेलं धुऊन पालथं पडलं होतं. अण्णा पुढे मरेपर्यंत त्या रसाचा विषय काढत आणि अक्का तितक्याच गंभीरपणे सांगत, "पोरांले लई आवडना रस. आंबे चांगले व्हते."

अक्का लहान मुलांच्या डॉक्टर. जळगावात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आणि खाली माझं औषधाचं दुकान. माहेर धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडा. शिक्षण मोठ्या शहरात झालेलं, पण जीभ शिंदखेड्याचीच राहिली. कॉन्फरन्सला गेल्या की शुद्ध बोलत, आणि परत आल्या की पहिल्या पेशंटला "काय व्हयनं रे बाबू?" मला त्यांनी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. मी दुकानदार. "ओ दुकानदार" एवढं जिन्यातून ऐकू आलं की मी हातातलं सोडून वर जायचो, कारण दुसरी हाक पहिलीपेक्षा बरीच मोठी असायची.

दवाखान्यात एक लांब बाकडं होतं. लस टोचून झाली की त्या बाकड्यावर अर्धा तास बसायचं, हा अक्कांचा कायदा. त्यातून तान्हं पोर सुटत नसे आणि नगरसेवकही सुटत नसे. लाखात एखाद्याला लसीची रिॲक्शन येते, घसा आवळतो, श्वास अडतो. ती आली तर माझ्यासमोर येऊ दे, रस्त्यात नको, असं त्या म्हणत. लोकांना वाटे, बाईंना गर्दी दाखवायची हौस आहे. मीही गमतीत तसं म्हणायचो. मग एकदा आमच्या सराफ बाजारातल्या एका पेढीवाल्यांचा मुलगा आला. अमेरिकेत शिकायला निघालेला, रोज व्यायामशाळेत घाम गाळून दंड फुगवलेला. तिकडच्या कॉलेजनं मेनिंगोकोकलची लस घेतल्याचा दाखला मागितला होता. वडील म्हणाले, "अक्का, सुई राहू द्या, नुसता दाखला द्या. पोरगा ठणठणीत आहे." अक्का म्हणाल्या, "दाखला घेईसन आजार थांबस का, भाऊ? मग मी दाखलाच विकत बसते." लस टोचली, बाकड्यावर बसवलं. पैलवानाला घाई होती, तो पाचच मिनिटांत उठला आणि दारापर्यंत जाऊन आडवा झाला. रिॲक्शन वगैरे काही नाही, सुईच्या धास्तीनं भोवळ आली होती. अक्कांनी त्याचे पाय उचलून उशीवर ठेवले आणि वडिलांना शांतपणे सांगितलं, "आते अर्धा तास पहिलेपासून."

ही मेनिंगोकोकलची लस आमच्याकडे सहसा कोणी मागत नाही. हा जंतू मेंदूच्या आवरणाला नाहीतर थेट रक्ताला धरतो, आणि धरला की काही तासांत माणूस हातचा जातो. आजार क्वचितच होतो, म्हणून लसही क्वचित लागते. परदेशी शिकायला जाणारी पोरं, यात्रेला जाणारे लोक, आणि ज्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून टाकलेली असते ते. पाणथरी नसली की रक्तातले असे जंतू गाळणारा पहारेकरीच गेला. अशा माणसाला साधा ताप नसतोच, हे अक्कांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या बायकोलाही पाठ आहे.

पूजा तशी होती. रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली, कॉलेजात पहिल्या वर्षाला. वरणगावजवळ स्कूटीवरून पडली, पोटाला मार लागला, पाणथरी फुटली. जळगावच्या सर्जननं ती काढून जीव वाचवला आणि जखम भरल्यावर लसी घ्यायला अक्कांकडे पाठवलं. बाकीच्या लसी माझ्याकडे होत्या, त्या अक्कांनी टोचल्या. मेनिंगोकोकलची तेवढी मागवावी लागणार होती. पूजाचे वडील भास्करनाना म्हणाले, मागवू नका, पोरीचा मामा सुरतला आहे, तो उद्याच निघतोय, घेऊन येईल. अक्कांनी सांगितलं होतं, थंड आणायची. एवढंच सांगितलं होतं की आणखी काही, ते मला माहीत नाही.

मे महिना. आमच्या जळगावच्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगून खोटं वाटतं. इथे सगळं काही उन्हापासून वाचवायचं असतं, दूध, पोरं, म्हातारी माणसं, स्कूटरची सीटसुद्धा. थंडीनं काही बिघडू शकतं ही कल्पनाच मे महिन्यात कोणाच्या डोक्यात येत नाही. मामानं थर्माकोलच्या पेटीत ठासून बर्फ भरला, टिकावा म्हणून कुल्फीवाल्यासारखं त्यात मीठ टाकलं, लस त्याच्या पोटात खोचली, धुळ्याला उतरून पाणी काढून पुन्हा ताजा बर्फ भरला, आणि थेट दवाखान्यात पेटी आणून टेबलावर ठेवली. सगळं घर सोबत आलं होतं. मामा अभिमानानं म्हणाला, "अक्का, बर्फ जरा कमी पडू दिला नही."

अक्कांनी पेटी उघडली. लसीची छोटी बाटली बर्फाला चिकटून बसली होती. त्यांनी ती सोडवून उजेडात धरली, आणि मी शेजारी होतो म्हणून मलाही दिसलं. आत सगळं घट्ट गोठलेलं होतं. अक्कांनी बाटली हलवून पाहिली, उलटी करून पाहिली. मग बाटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे चालणार नाही, नाना."

"कायले नही चालनार? थंडच तर आनली."

"थंड वेगळं, गोठणं वेगळं. गोठली की तिच्यात काही उरलं का, कोणाला सांगता येत नाही."

"वितळू द्या मंग. थोड्या येळात पानी व्हते."

"पाणी होईल, लस होणार नाही. नाना, पौषात थंडी पडली की तुमी बांधावर शेकोट्या करता ना? केळीले थंडी लागली तर काय होतं?"

भास्करनाना केळीत जन्म गेलेला माणूस. थंडीनं केळी कशी करपते हे त्यांना अक्कांनी सांगायची गरज नव्हती. पण ते म्हणाले, "करपली त दिसते, अक्का. काळी पडते. हे त वितळल्यावर पहिल्यासारखंच दिसंन."

"म्हणूनच भीती आहे," अक्का म्हणाल्या. "मी हे टोचलं तर तुमी सगळे धरून चालाल की पोरीले लस दिली. उद्या ताप आला तर निवांत बसाल. त्यापेक्षा दिली नाही हे ठाऊक असलेलं बरं."

मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. पण नानांचा चेहरा पडलेला मी पाहिला. मामा तर उठून जिन्यातच गेला. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हातून, पोटच्या पोरीसारखी सांभाळून आणलेली वस्तू बाईंनी टेबलावरून बाजूला सारली होती. अक्कांनी मला दुसरी मागवायला सांगितली. पूजाला जवळ बोलावलं, जंतूंना अडवणारी रोजची गोळी चालू आहे ना विचारलं, आणि तिच्या आईला, इंदूबाईंना, समोर बसवून बजावलं. गोळीवर विसंबायचं नाही. लस येईल, ती घेतल्यावरही अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातील, तोवर आणि त्यानंतरही जन्मभर एकच गोष्ट. ताप आला की घरचं काही करत बसायचं नाही. जवळ जो दवाखाना असेल तिथे जायचं, पोरीला पाणथरी नाही हे सांगायचं आणि मला फोन करायचा. इंदूबाई मान हलवत होत्या. पण नवऱ्याचा आणि भावाचा अपमान झाल्याचा राग त्यांच्या डोळ्यांत होता. रागावलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

लस यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात नानांच्या भावकीत लग्न होतं. पूजा मांडवात नुसती खुर्चीवर बसून होती म्हणतात. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं. आमच्याकडे मे महिन्यात ताप आला असं कोणी म्हणत नाही, ऊन लागलं म्हणतात. आणि ऊन लागलं की काय करायचं हे खानदेशातल्या प्रत्येक घराला येतं. इंदूबाईंनी कांदा किसला, तळपायाला आणि तळहाताला त्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं. पोर पाय दुखतात म्हणत होती, तर ते मांडवातल्या बसण्यानं असेल. दुपारी हातपाय गार लागले. त्या माउलीला वाटलं, ऊन उतरलं. तिनं देवापुढे दिवा लावला.

संध्याकाळी पोटऱ्यांवर जांभळे डाग दिसले तेव्हा गाडी काढली. जळगावला पोचेपर्यंत पूजाला शुद्ध नव्हती. अक्का मोठ्या दवाखान्यात धावत गेल्या. ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी लसीचं पार्सल माझ्या दुकानात आलं, तापमापकासकट, नीट थंड. मी ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि शटर खाली ओढून घरी गेलो.

पण अक्कांना घरी बसता येणार नव्हतं. हा आजार एकाला झाला की त्याच्यासोबत राहिलेल्यांना लगेच औषध द्यावं लागतं. त्यांनी माझ्या घरी फोन केला, "दुकानदार, गाडी काढा." आम्ही गोळ्या घेऊन गावात पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतून ओट्यावर बसली होती. भास्करनाना उठून उभे राहिले.

"आता कायले आल्या तुमी? तव्हा द्याची होती ते दिली नही. हातात होती, दिली नही."

"शिव्या नंतर द्या नाना," अक्का म्हणाल्या. "गोळी आधी घ्या. तुमी घ्या, घरातल्या बठ्ठ्यांले, एकूण एकाले द्या. तनूले पहिले." तनू म्हणजे पूजाची धाकटी बहीण, शाळेत जाणारी. ती दारात उभी होती. नाना गोळी घेईनात. अक्का तशाच उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन, त्या उन्हात. शेवटी गावातलेच कोणी आबा उठले आणि त्यांनी नानांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

मग अक्का आत गेल्या. बायका बसल्या होत्या त्या खोलीच्या दाराशी मी थांबलो. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या. अक्कांना पाहून त्यांनी सरळ विचारलं, "अक्का, मी कांद्याचा रस लावत बसली. हातपाय गार लागले त मले वाटलं ऊन उतरलं. सकायीच आनली असती त वाचली असती का माही पोर?"

मला अक्कांचं उत्तर ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाला खोटा दाखला दिला नव्हता, खोटी आशा दिली नव्हती, पोराचं वजन पावशेरानं वाढवून सांगितलं नव्हतं. सकाळी आणली असती तर कदाचित वाचली असती. आणि लस? चांगली लस त्या दिवशी टोचली असती तरी तिला अंगात रुजायला वेळच मिळाला नसता. हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीनं माहीत होतं.

अक्का तिच्याजवळ खाली बसल्या. तिचा हात हातात घेतला. "नही माय," त्या म्हणाल्या, "तुनी काहीच चूक नही. तू बठ्ठं बरोबरच केलं. लस मी दिधी नही. चूक मनी शे, तुनी नही."

इंदूबाईंनी हात काढून घेतला. आणि मग त्या रडल्या, आणि अक्कांना जे बोलायचं ते बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि रागानं माझे कान तापले होते. मी म्हणालो, "तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"गाव काय शिकलं त्यातून? गोठलेली लस द्यायला हवी होती, हे?"

"गावाचं मी पाहीन," अक्का म्हणाल्या. उरलेल्या गोळ्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवून म्हणाल्या, "तिला अजून एक पोर वाढवायची आहे, दुकानदार. तनूले कधी ना कधी ताप येईल. तिच्या कपाळावर हात ठेवताना त्या बाईचा हात थरथरायला नको." मी वाद घातला नाही. पटलं होतं असंही नाही. अर्धं आजही पटत नाही.

व्हायचं ते झालंच. त्या बाजूची गावं अक्कांकडे यायची बंद झाली. बाईंनी हातातली लस दिली नाही, स्वतःच्या दुकानदाराची खपवायची होती, असंही कोणी कोणी म्हणे. मी भांडायला उठलो की अक्का जिन्यातून हाक मारून वर बोलावत आणि काम नसताना कसली तरी बाटली शोधायला लावत. पण गावाचं पाहीन म्हणाल्या होत्या ते त्यांनी सोडलं नाही. शहरातल्या सगळ्या सर्जनना गाठून त्यांनी सांगून ठेवलं, पाणथरी काढलेला प्रत्येक माणूस माझ्याकडे पाठवा. तो आला की लस देत, आणि बाकड्यावरचा अर्धा तास त्याच्याकडून आणि त्याच्या घरच्यांकडून शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणवून घेत. ताप आला तर काय? दवाखाना. ऊन लागलं असं वाटलं तर? दवाखाना. हातपाय गार पडले तर? पळत दवाखाना. म्हातारे लाजत, पोरं हसत, आणि अक्का पुन्हा पहिल्यापासून विचारत. लस कशी आणायची तेही शिकवत. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड पुठ्ठा हवाच. पूजाचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. कोणी विचारलंच की तुम्हाला एवढं कसं हो अक्का, तर म्हणत, "पुस्तकात शे."

अण्णा गेल्यावर आणि गुडघे गेल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि शिंदखेड्याला भावाकडे राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात तिथेच वारल्या. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला जाता आलं नाही. त्याआधी त्यांना मी शेवटचं पाहिलं ते धुळ्याला, एका लग्नात. लॉनवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मी शेजारी बसलो. "काय दुकानदार, पोट वाढनं," एवढं म्हणून झालं असेल नसेल, तोच समोरून इंदूबाई आल्या.

नवरीकडच्या पाहुण्या असाव्यात. केस पांढरे झाले होते. त्यांनी अक्कांना ओळखलं आणि तिथेच थांबून शेजारच्या बाईला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्याच त्या. माह्या पोरीचं औषध हातात होतं, दिलं नही." माणसं वळून पाहायला लागली. मी उठलो. अक्कांनी माझ्या मनगटाला धरलं. त्या हातात अजून जोर होता. त्यांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली, इंदूबाई पुढे जाईपर्यंत.

आईच्या मागून एक मुलगी चालली होती. थोड्या वेळानं ती एकटी परत आली. तनू होती. धुळ्यालाच नर्सिंगला आहे म्हणाली. खुर्चीशेजारी वाकून हळू बोलली, "अक्का, आम्हाला शिकवलं. गार हातपाय, पाय दुखणं, ते डाग. लसीला किती दिवस लागतात तेही."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "घरात बोलनी का कोणाले?"

"नाही."

"मायले?"

"नाही अक्का. कधीच नाही सांगणार." तिचे डोळे भरून आले आणि ती पाया पडायला खाली वाकली.

अक्कांनी झटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको बेटा," त्या म्हणाल्या. "तुनी माय देखी राहिनी."

तनू सरळ उभी राहिली. तिनं डोळे पुसले, चेहरा कठोर करून घेतला, आणि अक्कांकडे पाठ फिरवून आईकडे चालत गेली.